बोटाखाली झाकलेला देश

“मॅडम, जर्मनीतली थंडी आमच्या भाग्यश्रीला झेपंल का वो?”

ताईबाईंनी हे विचारलं तेव्हा सीमा विळीवर लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती. हातातली कैरी तिने चिरली, दुसरी घेतली, तीही चिरली. 

“पोरगी नर्स झाली, तिकडं दवाखान्यात जागा हाय म्हनत्यात. भाषेचा क्लास बी लावलाय तिनं,” ताईबाई सांगत होत्या. “पन गुडघ्याएवढा बर्फ पडतो म्हनं. आपल्याकडं जरा गारठलं तरी हिचं नाक गळतं. म्हनलं, आधी मॅडमला इचारावं. तुम्ही व्हय म्हनला तर पाठवू, न्हाई म्हनला तर इषय बंद.”

“भाग्यश्री काय म्हणते?”

“ती काय म्हननार? आमच्या घरात सगळं तुमच्या शब्दावर हाय.”

सीमाने चटकन वर पाहिलं. पण ताईबाईंच्या चेहऱ्यावर टोमण्याची खूणही नव्हती. टोमणा मारायचाच असता तर त्यांनी तोंडावर मारला असता. त्या कोणाला भिणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांचा अजूनही तिच्यावर तसाच विश्वास होता, आणि सीमाला नेमकं तेच सोसवेना.

“मी बघून सांगते,” ती म्हणाली.

“सांगा निवांत. नागसेन बी म्हनला, मॅडमलाच इचार.”

नागसेनचं नाव निघालं आणि सीमा कैऱ्यांना मीठ लावायला उठून आत गेली.

तळेगाव ढमढेरेत कोणी परदेशी निघालं की ते आधी सीमा मॅडमकडे येई. व्हिसाबिसा ही कामं एजंटाची. पण तिकडची हवा कशी, पाऊस कधी, स्वेटर किती न्यायचे, हे मॅडमने सांगायचं. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या बाईंना देशादेशांची तुलना करायचा नादच होता. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, पण तेवढ्यावर त्यांचं भागत नसे. वढू बुद्रुकचं धुकं आणि लंडनचं धुकं, घोड नदीचं पात्र आणि नाईलचं पात्र, असं काहीही त्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडत. नवरा सतीश पाहुण्यांना सांगे, “हिला बघायला गेलो तेव्हा हिने माझा पगार विचारला नाही. तुमच्याकडे परतीचा पाऊस पडतो का, एवढंच विचारलं.”

सीमाचं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तिने लहानपणीचे उन्हाळे काढले. आई खिडक्यांना ओल्या चादरी लावायची आणि वडील डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून ड्यूटीवर जायचे. ते ऊन कोरडं, खणखणीत. सावलीत सरकलं की बरं वाटतं, ओलं फडकं डोक्यावर घेतलं की बर्फासारखं गार लागतं. जगातल्या कुठल्याही उन्हाला सीमा दौंडची फूटपट्टी लावायची, आणि तिला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी ताईबाईंचा नागसेन असाच उन्हाळ्यात घरी आला होता. तिचाच विद्यार्थी. रांजणगावला एका कारखान्यात भट्टीपुढे कंत्राटावर होता. बहरीनला परांची बांधायचं काम मिळत होतं.

“मॅडम, ऊन सोसंल का तिथलं?”

भिंतीवर जगाचा नकाशा होता. सीमाने अरबस्तानच्या त्या पिवळ्या पट्ट्यावर बोट टेकवलं. “हे बघ, सगळं वाळवंट. उष्ण आणि कोरडं. म्हणजे आपलं दौंडच की रे! तू तर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस. डोक्याला ओला टॉवेल बांधायचा आणि बिनधास्त काम करायचं.”

नागसेन हसला. जाताना पाया पडला. पेढे द्यायला ताईबाई स्वतः आल्या.

बहरीन हे बेट आहे. चहूबाजूंनी समुद्र. सीमाला हे माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत कोणी विचारलं असतं तर तिने झोपेतही सांगितलं असतं. पण त्या नकाशावर तो देश ठिपक्याएवढा आहे आणि तिचं बोट त्याच्यावर होतं. बोटाखाली अख्खा देश झाकला गेला आणि तिला दिसलं ते बाजूचं वाळवंट.

एवढ्यावर संपलं असतं तरी तिने स्वतःला कधी ना कधी माफ केलं असतं. चूक कोणाकडून होत नाही? पण नागसेनने पावसाळ्यात तिला व्हिडिओ कॉल केला होता. सुट्टीचा वार होता त्याचा. त्याने खोलीच्या खिडकीची काच दाखवली. काच बाहेरून घामेजली होती, पाण्याचे ओघळ वाहत होते.

“मॅडम, पाऊस न्हाई काय न्हाई, नुसत्या हवेनं वल्लं होतंय हे. कापडं रातभर वाळत न्हाईत. आंगावरचा घाम बी वाळत न्हाई. ओला टॉवेल बांधतो, तर जरा येळानं त्योच गरम पान्यातून काढल्यासारखा लागतो. काय करू?”

आणि सीमा काय म्हणाली? ती आनंदली. हो, आनंदलीच. इतकं जिवंत उदाहरण तिला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. “वा नागसेन! काय छान निरीक्षण आहे! ती काच परत दाखव बरं. थांब, फोटोच काढते.”

“काय करू” याचं उत्तर तिने दिलंच नाही. फोन ठेवताना म्हणाली, “होईल सवय.”

दुसऱ्या दिवशी तो फोटो तिने वर्गात दाखवला. मुलांना इतका आवडला की शाळेच्या बोलक्या भिंतींवर तिने पेंटरकडून तक्ताच काढून घेतला. एका बाजूला शिरूर-दौंड, दुसऱ्या बाजूला बहरीन. हवा: कोरडी, दमट. पाऊस: कमी, अत्यल्प. कपडे: लवकर वाळतात, वाळत नाहीत. आणि खाली ठळक निळ्या अक्षरांत, ‘माहिती: नागसेन, माजी विद्यार्थी’.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नागसेनला परत आणलं तेव्हा त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. परांचीवर चढलं की पाण्यासाठी सारखं खाली उतरायचा कंटाळा. टॉवेल गरम लागला तरी मॅडमने सांगितलेला आहे, म्हणजे ऊन बाधणार नाही, असा भरवसा. अंगातलं पाणी आटत गेलं आणि त्याला ते कळलं नाही. आता आठवड्यातून दोनदा शिरूरला डायलिसिस. आणि दिवसभरात प्यायचं ते पाणी घोटाघोटाने, डॉक्टरांनी आखून दिलं तेवढंच.

डॉक्टर म्हणाले होते, कारण नक्की सांगता येत नाही. सतीशही म्हणाला, “तू काय त्याला ढकलून पाठवलंस का? तो जाणारच होता.” सीमा त्याच्यावर खेकसली होती. समजूत घालणाऱ्या माणसाचा तिला राग येई, कारण त्याला ती ‘वा’ ऐकू आलेली नव्हती. तिला ती भाजी निवडताना ऐकू यायची, वर्गात पाठ फिरवून फळा पुसतानाही ऐकू यायची.

नागसेन आल्यापासून ती त्याला भेटायला एकदाही गेली नाही. ताईबाईंच्या गल्लीतून जायचं टाळून ती बाजाराला लांबून वळसा घालून जाई. परवा बुद्ध पौर्णिमेला विहारात वंदनेच्या वेळी तिला पुढच्या रांगेत त्याची पाठ दिसली. शर्ट खांद्यावर लटकल्यासारखा. खीर वाटायच्या आधीच ती चप्पल शोधून बाहेर पडली.

आणि आता ताईबाईच दारात येऊन बसल्या होत्या, दुसरं लेकरू पाठवू का म्हणून विचारायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीमा त्यांच्याकडे गेली. घरातून निघताना वाक्य पाठ केलं होतं. दारात पाऊल टाकताच ते विसरली.

नागसेन कूलरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. हाताशी स्टीलच्या वाटीत बर्फाचे बारीक खडे. ते तो तहान लागली की तोंडात धरायचा. दंडावर डायलिसिसच्या सुया टोचून टोचून आलेल्या गाठी.

“जय भीम, मॅडम. या, बसा.”

“जय भीम. कसा आहेस?”

“बरं हाय. काल शिरूरला धुऊन काढलंय मला, आज टवटवीत हाय.”

ताईबाईंनी तांब्या-पेला आणून ठेवला. मे महिन्याच्या उन्हातून आलेली सीमा, घशाला कोरड पडलेली. पण पेला हातात धरून ती तशीच बसली. त्याच्या समोर पाणी कसं प्यायचं?

“प्या वो मॅडम,” नागसेन म्हणाला. “माझ्या म्होरं लोक तहानलेले बसतात, मग मलाच जास्त तहान लागती.”

ती प्याली. पाणी गार होतं, गोड होतं, आणि आपण ते सगळं पिऊन टाकलं याची तिला लाज वाटली.

“आईला मीच धाडलं व्हतं काल,” ताईबाई आत गेल्यावर तो हळू म्हणाला. “तुम्ही काय येईनात. म्हनलं, भूगोलाचं काय इचारलं तर मॅडम येत्याल. आल्या का न्हाई?”

सीमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “येणार होते रे. शाळा, पेपर तपासणी…”

“व्हय, कामं असत्यात,” तो म्हणाला. इतक्या चटकन मान्य केलं की तिचं खोटं आणखी उघडं पडलं. मग म्हणाला, “मॅडम, शाळेच्या भिंतीवर माझं नाव हाय म्हनं? शेजारची पोरं सांगत व्हती. मी आजून बघितलं न्हाई. न्या की.”

“आता? या उन्हात?”

“ह्या उन्हाला काय झालंय? हे आपलं हाय.”

आतून आलेल्या भाग्यश्रीने त्याला स्कूटीवर मागे बसवलं, सीमा आपल्या गाडीवर पुढे. सुट्टीमुळे शाळा बंद होती, पण फाटकाची किल्ली सीमाकडे असे. मैदान भाजून निघालं होतं. तक्ता मैदानाकडच्या भिंतीवर, आणि त्यावर उन्हाळ्याभराची धूळ इतकी साचलेली की अक्षरं नीट दिसत नव्हती. सीमाला क्षणभर बरंच वाटलं.

नागसेनने खांद्यावरचा टॉवेल काढला, टाकीखालच्या नळावर भिजवला, पिळला आणि तक्ता पुसायला लागला. भाग्यश्री पुढे झाली तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे. माझं नाव हाय, मीच पुसतो.” दोन हात मारले की थांबून श्वास घेई. मग वर्गात उभं केल्यासारखा मोठ्याने वाचायला लागला.

“हवा. कोरडी. दमट. बराबर.” पुढे सरकला. “कपडे. लवकर वाळतात. वाळत न्हाईत. हे बी बराबर.” शेवटी नावापाशी आला. बोटाने एकेक अक्षर चाचपलं. “झ्याक काढलंय.”

“नागसेन,” सीमा म्हणाली. घरून पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं, पण तोंडातून हेच निघालं. “तू त्या दिवशी मला विचारलं होतंस, काय करू. आणि मी…”

“छान निरीक्षण म्हनला व्हता.”

त्याला शब्द न् शब्द आठवत होता. “रूमवरच्या पोरांना सांगितलं मी. म्हनलं, आमच्या मॅडमला लई आवडलं. एक बिहारी व्हता, तो म्हनला, पसंद आया वो ठीक है, पर करना क्या है, वो बोली क्या?” तो हसला. भाग्यश्री हसली नाही.

“माझं चुकलं,” सीमा म्हणाली. “तुला पाठवताना चुकलं, ते नकळत झालं. पण तू विचारलंस तेव्हा मला कळलं होतं. घाम वाळत नाही म्हणजे काय होतं, हे मी दरवर्षी शिकवते. टॉवेल सोड, पाणी पी, जमत नसेल तर परत ये, एवढं मी सांगायला हवं होतं. मी फोटो काढत बसले. माझं फार चुकलं, नागसेन.”

 पुढे काय येणार हे तिला ठाऊक होतं. ‘असं काय म्हनता मॅडम, नशिबाचा भाग’ असं तो म्हणेल. इतक्या महिन्यांत तिने मनातल्या मनात त्याच्याकडून हे कितीदा वदवून घेतलं होतं. ती त्याचीच वाट पाहत होती.

नागसेनने टॉवेलची घडी केली. एकदा तक्त्याकडे पाहिलं.

“व्हय,” तो म्हणाला. “चुकलं.”

एवढंच. त्यात राग नव्हता. उत्तरपत्रिका तपासताना ती स्वतः करते तशी त्याने फक्त खूण केली होती. सीमाला रडू आलं.

“आईला टॉवेलचं म्हाईत न्हाई,” टॉवेल खांद्यावर टाकत तो म्हणाला. “तिला वाटतं, तिकडचं पानी बाधलं. तिला तसंच वाटू द्या. ती तुमच्यावर लई जीव लावती.” मग बहिणीकडे मान वळवली. “पर हिला काय सांगायचं ते आत्ता सांगा. माझ्या म्होरं.”

भाग्यश्री इतका वेळ स्कूटीला टेकून उभी होती. ती सरळ झाली. “मला झेपंल का थंडी, मॅडम?”

सीमाने पदराने तोंड पुसलं. जर्मनीचा अक्षांश, हिवाळ्यातलं तापमान, समुद्रापासूनचं अंतर, सगळं जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य तिने या मैदानात कधी उच्चारलं नव्हतं. “आकडे मी सांगेन. पण तुला झेपेल का, ते मला माहीत नाही. मी दौंड सोडून तळेगावला आले, त्यापलीकडे कुठं राहिलेच नाही. तिथं आपल्याकडच्या ज्या नर्स राहतात त्यांना आपण दोघी फोन लावू. त्या काय ते सांगतील. आणि गेलीस, आणि कधी मला फोन करून म्हणालीस की मॅडम, काय करू…” 

“तवा?” भाग्यश्रीने विचारलं.

“तेव्हा मी आधी तुझं ऐकेन. बाकी सगळं नंतर.”

भाग्यश्रीने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. पण ती आल्यापासून पहिल्यांदाच सीमाकडे सरळ पाहत होती.

“हे मी पुसून टाकते,” सीमा तक्त्याकडे वळली. “पेंटर येणारच आहे जूनच्या आधी.”

“पुसू नका!” नागसेन एकदम मोठ्याने म्हणाला आणि त्याला धाप लागली. “आमच्या घरात कोनाचं नाव कवा भिंतीवर आलं न्हाई. ऱ्हाऊ द्या. फकस्त टॉवेलचं लिवा खाली. पुढं कोन पोरगं गेलंच तिकडं, तर कामाला यील.”

पेंटर येईपर्यंत म्हणून सीमाने पर्समधून खडू काढला. बोटभर उरलेला तुकडा होता. “काय लिहू?” तिने विचारलं.

तो थोडा विचार करून, एकेक शब्द सुटा करून सांगत गेला आणि तिने नावाच्या वर, जागा करून, आपल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: ओला टॉवेल इथे गार करतो. तिथे करत नाही. तिथे पाणी प्या.

 नागसेनने वाचून पाहिलं आणि “बास,” म्हणाला.

निघताना तो पुन्हा नळाशी गेला. टॉवेल चिंब भिजवला, या वेळी पिळला नाही, आणि तसाच डोक्याला गुंडाळला. पाणी कपाळावरून, गालांवरून, मानेवरून वाहत सदऱ्यात गेलं. त्याने डोळे मिटून घेतले. ओठांवर आलेलं पाणी त्याने पालथ्या हाताने पुसलं, जीभ लावली नाही. डोक्यावर हवं तेवढं पाणी घ्यायची त्याला मुभा होती.

“बघा मॅडम,” तो म्हणाला, “इथं लागतो गार.”

स्कूटीपर्यंत तो सावकाश चालत गेला. भाग्यश्रीने गाडी चालू केली आणि दोघं फाटकातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्याला लागली.

नळापासून फाटकापर्यंत टॉवेलातून पडलेल्या थेंबांची एक ओळ मातीत उमटली होती. सीमाने नळ घट्ट बंद केला, खडू पर्समध्ये ठेवला आणि फाटकाला कुलूप लावलं. मग गजांतून आत पाहिलं, तर ती ओळ वाळून गेली होती.